सातवी चौकट

त्या मंगळवारी इम्बी वडिलांकडे पोहोचली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. म्हातारा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भिंग डोळ्याला लावून बसला होता. दाराला कुलूप नव्हतंच. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या त्या गल्लीत दिवसा दाराला कुलूप लावणारा माणूस भांडखोर समजला जाई.

"बूट," तो मान वर न करता म्हणाला.

"काढतेय, इसा."

"काढतेय म्हणतेस आणि चालत आत येतेस. फरशीवर तळं झालंय. आता बदकं सोडतो."

घरात एस्टोनियन बोलायची सवय आई गेल्यावरही सुटली नव्हती. वडिलांना ती लहानपणापासून इसाच म्हणे, म्हणजे बाबा. बाहेर ती ग्रंथालयातली शांत, नेमकं बोलणारी बाई होती. या टेबलाशी आली की तिचं वय पन्नाशीवरून घसरत घसरत बारावर येऊन थांबे.

तिने पिशवी रिकामी केली. राय धान्याचा काळा पाव, ताक, बीट, खारवलेल्या हेरिंगची बरणी.

"हेरिंग कुठलं?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे पोलिश दुकानातलं की त्या मोठ्या दुकानातलं?"

"मोठ्या."

"मग ते नेहमीचं नाही. ते मासे नाहीत, माशांचे फोटो आहेत."

"खाऊ नकोस मग."

"खाणार ना. फोटो तर फोटो." त्याने भिंग खाली ठेवलं. "ऐक. एप्रिलच्या तिकीट-प्रदर्शनात यंदा सातवी चौकट माझी आहे. सोळा पानं. बारा वर्षं मंडळातले मागे लागले होते, यंदा हो म्हणून बसलो."

"अरे वा. कशावर मांडतोयस?"

"ते बोलून सांगायचं नाही, बघायचं. बस इकडे. पंधरा मिनिटं."

तिने घड्याळ पाहिलं. पाच वाजता ग्रंथालयात बैठक होती आणि रस्त्यावर बर्फ भुरभुरत होतं. "पुढच्या मंगळवारी बसते. नक्की."

"पुढच्या मंगळवारी," तो म्हणाला आणि पुन्हा भिंग उचललं. ती बूट घालत असताना तो आतून ओरडला, "पुलावर गोठलेलं असेल. सावकाश जा."

शुक्रवारी सकाळी शेजारच्या दुआर्तेबाईंचा फोन आला. तुझ्या वडिलांच्या, वाल्डेकच्या दाराशी कालचं वर्तमानपत्रही तसंच पडलंय, म्हणाल्या. तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल. वय चौऱ्याऐंशी. सगळेच म्हणाले, छान मरण आलं. इम्बीनेही मान डोलावली.

मंगळवारी त्या टेबलावर नेमकं काय काय पसरलेलं होतं, हे मात्र तिला काही केल्या आठवेना. हेरिंगच्या बरणीचं झाकण कोणत्या रंगाचं होतं ते आठवत होतं.

अंत्यविधीनंतर दहाव्या दिवशी नॉरीनचा फोन आला. नॉरीन पेट्री तिकीट-मंडळाची चिटणीस होती, एक्क्याऐंशी वर्षांची. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात जमणाऱ्या वीस-बावीस म्हाताऱ्यांना ती मेंढरांसारखं हाकायची.

"इम्बी, मी नॉरीन. घाबरू नकोस, सांत्वन करायला फोन केलेला नाही. सातव्या चौकटीचं काय करू? ठेवू की दुसऱ्याला देऊ? तो बेल्जियमवाला टपून बसलाय."

"ठेवा," इम्बी म्हणाली. हे आपण का म्हणालो, तिचं तिलाच कळेना.

"पानं तयार आहेत का?"

"असतील. मी बघते. लहानपणी इसाची सगळी तिकिटं मीच सोडवायचे."

"ते लहानपणी," नॉरीन म्हणाली. "बरं, ठेवते. सव्वीस एप्रिल. अडलं तर फोन कर. तू करणार नाहीस म्हणा. तुझा बापही करायचा नाही."

सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत त्या घरात पाण्याचं काम इम्बीचं होतं. वाल्डेक पोलादाच्या कारखान्यात होता. तिथल्या कचेरीत जगभरातून येणारी पाकिटं तो मागून आणायचा. मग एनॅमलच्या पातेल्यात कोमट पाणी, त्यात पाकिटांचे कापलेले कोपरे. लाल कागदाचे वेगळे, कारण त्यांचा रंग सुटतो. पंधरा मिनिटांनी तिकीट आपोआप कागद सोडून सरकायचं. ते तळहातावर घ्यायचं, मागचा बुळबुळीत गोंद बोटाने पुसायचा आणि वर्तमानपत्रावर पालथं ठेवायचं. वाळून गुंडाळी झाली की रात्रभर टेलिफोन डिरेक्टरीखाली. उरलेला लगदा कचऱ्यात.

त्या पातेल्यात तिने जे पाहिलं ते शाळेत कुणी शिकवलं नाही. एकाच राजाचा चेहरा अर्ध्या पृथ्वीवर. जर्मनीतली लाखाची, मग कोटीची तिकिटं, छापून होईस्तो अपुरी पडलेली, म्हणून त्यांवर आणखी शून्यं ठोकलेली. कुण्या देशाचं सुबक तिकीट, आणि त्यावर एका रात्रीत आडवा काळा शिक्का मारून बसवलेलं दुसऱ्याच देशाचं नाव. "राज्य बुडालं की पहिली शाई तिकिटावर पडते," वाल्डेक सांगायचा. "वर्तमानपत्रवाले आठवड्याने येतात."

त्यांच्या छापील अल्बममध्ये एस्टोनियाची पानं १९४० साली, रशियाने देश गिळला तिथे, संपत. पुढचं पान उलटलं की थेट इथिओपिया. तिकीटवाल्यांत अशा देशांना सरळ 'मेलेले देश' म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाल्डेकलाही वाटत नसे. पाहुणे आले की तो बीट, बटाटा आणि हेरिंगची कोशिंबीर वाढताना म्हणायचा, "घ्या. मेलेल्या देशाचा पदार्थ आहे, पण ताजा आहे."

चौदाव्या वर्षी इम्बीने पातेलं सोडलं. भांडण झालं नाही, काही नाही. एका शनिवारी ती पाण्याला बसली नाही, पुढच्याही शनिवारी बसली नाही, आणि तोही काही बोलला नाही. नंतरच्या चौतीस वर्षांत तिने अर्ध्या युरोपचा इतिहास वाचून काढला. बुधवारी संध्याकाळी वडील तळघरात जाऊन काय करतात, हे विचारायचं राहून गेलं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती त्याच्या मागच्या खोलीत शिरली. भिंतभर अल्बम होते. खिडकीखालच्या मेजावर एक चपटी पेटी होती आणि तिच्यात सोळा जाड पांढरी पानं, प्रत्येक स्वच्छ पारदर्शक वेष्टनात. पानांवर मजकूर नव्हता. मधोमध पेन्सिलीने आखलेला वीतभर आडवा चौकोन आणि तळाशी बारीक आकड्यांत साल. १९५७, १९५८, १९६०. मधली काही वर्षं गाळलेली. शेवटचं १९८०. बस्स.

एवढे मोठे चौकोन कशाला? टीचभर तिकिटाला एवढी जागा? मजकूर लिहायचा असेल आत, असं तिला वाटलं. पण वाल्डेक मजकूर नेहमी तिकिटाखाली लिहायचा, दोन ओळी.

पेटीखाली जोड्यांचा खोका होता. त्यात नाडीने बांधलेली सोळा पाकिटं. सगळ्यांवर कॅनडाची तिकिटं, त्यांतली निम्मी राणीच्या चेहऱ्याची. अशी तिकिटं मंडळातले मुलांना मूठमूठ वाटून टाकतात. पत्ता प्रत्येकावर एकच, वाल्डेकच्या तिरप्या अक्षरात. साल्मे सालुस्ते, हाप्सालू.

इम्बी पलंगावर बसली. साल्मे म्हणजे तिची आजी. तिच्याबद्दल इम्बीला दोन गोष्टी ठाऊक होत्या. १९४४ साली रशियन फौजा येत असताना काकाने चौदा वर्षांच्या वाल्डेकला स्वीडनला जाणाऱ्या होडीत घातलं तेव्हा आपल्या आजारी आईला सोडून साल्मे निघाली नाही. आणि १९९२ साली एक सरकारी कागद आला, त्यावर ती १९५१ मध्येच सायबेरियात वारल्याचं लिहिलं होतं. तो कागद वाचून वाल्डेकने घडी घातली आणि जेवण गरम करायला ठेवलं होतं.

मग १९५७ पासूनची ही पाकिटं कुणाला? त्यांवर रशियन शिक्के होते, जांभळ्या पेन्सिलीच्या फुल्या होत्या, फ्रेंचमध्ये 'परत' छापलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. तिने पाकिटं पालथी केली, पुन्हा उलथी केली. शेंडा-बुडखा लागेना.

मग तिच्या मनाने एक उत्तर काढलं. तिकीटवाले असे खेळ करतात, हे तिने लहानपणी ऐकलं होतं. नसलेल्या पत्त्यावर मुद्दाम पाकीट धाडायचं, ते जग फिरून चार शिक्के घेऊन परत आलं की खूश व्हायचं. पाकिटं बंदच होती, आत काहीतरी जाड लागत होतं. तेही तिला ठाऊक होतं. पाकीट ताठ राहावं म्हणून आत पुठ्ठा घालायचा. इसाचीच शिकवण.

पानं तयार, तिकिटं तयार. फक्त सोडवून लावायची राहिलेली. याहून वेगळं काय असणार? मधल्या चौतीस वर्षांत दुसरं काही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

एनॅमलचं पातेलं ओट्याखाली होतं. पण कोपरे कापायला तिचा हात धजेना. इसाच्या अक्षरावर कात्री कशी चालवायची? म्हणून तिने सिंक भरलं आणि पाकिटं अख्खीच सोडली. पाणी कोमट होतं. थोड्या वेळाने ते निळं झालं. पत्त्यांची शाई असेल, तिला वाटलं. जुनी पाकिटं आधी बुडाली, मागून नवी. वीस मिनिटांनी तिकिटं सुटू लागली. तिने एकेक तळहातावर घेतलं, गोंद पुसला आणि वर्तमानपत्रावर पालथं मांडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं. हात सगळं विसरले नव्हते. ओली पाकिटं अलगद दाबून, पाणी काढून तिने प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि मागच्या दाराबाहेर रद्दीच्या डब्यात ठेवून दिली.

बुधवारी दुपारी नॉरीन आली. बरोबर गॉर्डी होता. तीस वर्षं या भागात टपाल वाटून निवृत्त झालेला, गुडघे गेलेला, तोंड शाबूत असलेला माणूस. त्याच्या हातात डोनटचा खोका होता.

"हे हिने आणायला लावले," तो म्हणाला. "मी म्हटलं, शोकात माणूस सूप आणतो. तर म्हणे, सूप सांडतं."

"तू सांडतोस," नॉरीन म्हणाली. "कुठायत पानं?"

इम्बीने टेबल दाखवलं. पानं एका बाजूला, वर्तमानपत्रावर तिकिटं ओळीत. सोळा पाकिटांची बावीस तिकिटं.

नॉरीनने कोट काढला नाही. ती वाकली, एक तिकीट चिमट्याने उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"इम्बी, पाकिटं कुठायत?"

"कुठली?"

"ही ज्यांवर होती."

"ती रद्दीत. मागच्या दाराशी. का?"

मग गॉर्डी बूट न घालताच मागच्या दाराने बाहेर गेला. त्याचे मोजे बर्फात करकरताना आत ऐकू आले.

"काय झालं?" इम्बी म्हणाली. "नॉरीन, काय केलं मी?"

"बस." नॉरीन स्वतःही बसली. "अगं, हल्ली कुणी पाकिटावरून तिकीट काढत नाही. पंचवीस-तीस वर्षं झाली. जुनं पाकीट दिसलं की आम्ही श्वाससुद्धा बाजूला सोडतो. कुठून निघालं, कुठल्या रस्त्याने गेलं, कुणी अडवलं, कुणी परत धाडलं, ते सगळं त्या कागदावर असतं. तिकिटात काय असतं? राणी असते. राणी काय, कुठेही मिळते."

"पण चौकोन..." असं म्हणता म्हणता इम्बीचं लक्ष पानाकडे गेलं. वीतभर आडवा चौकोन. पाकिटाच्या मापाचा. ती पाहतच राहिली. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"तुला त्याने कधी सांगितलं नाही?"

"मी बसलेच नाही कधी."

गॉर्डी पिशवी घेऊन आत आला. "अजून ओली आहेत. बरं झालं गाडी शुक्रवारी येते." पाकिटं तो एकेक करून टॉवेलवर ठेवू लागला, आजारी माणसाला कुशीवर वळवावं तशी. गोंद विरघळून त्यांची तोंडं उघडली होती. एका पाकिटाशी तो थांबला. "यात कागद आहे."

"पुठ्ठा आहे," इम्बी म्हणाली.

"पुठ्ठा नाही, पोरी. लिहिलेलं आहे."

नॉरीनने कपाळाला हात लावला. "म्हणजे ही ती पाकिटं," ती म्हणाली. "वाल्डेकने मंडळात एकदाच विषय काढला होता, तोही बेल्जियमवाल्याशी वाद घालताना. परत आलेली पत्रं. मी विचारलं, आत काय आहे? तर म्हणाला, मला काय ठाऊक, माझ्या नावाची थोडीच आहेत!"

"त्यानेच लिहिलेली ना?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणतो, एकदा पेटीत टाकलं की पत्र ज्याच्या नावचं त्याचं. आई उघडेल." नॉरीनने खांदे उडवले. "असा होता तो. मला त्याचं निम्मं कळायचं नाही. पण वाटायचं, बरोबर असेल."

संध्याकाळपर्यंत तिघांनी टिपकागद घालून घालून कागद सुकवले. गॉर्डी भिंगाखाली पाकिटाची मागची बाजू वाचून दाखवत होता. हॅमिल्टन. माँट्रियल. मॉस्को. आणि हा फिका, अर्धवट, हाप्सालू.

"म्हणजे पोहोचलं होतं," इम्बी म्हणाली.

"पोहोचलं होतं तर! तिथल्या पोस्टमनने दार वाजवलं असणार. या फुल्या त्याच्याच. हे बघ, पहिल्या साली एक अक्षर, सातव्या साली दुसरं. माणूस बदलला. पण दोघांनीही परत पाठवलं हो. शेकोटीत टाकलं असतं तर कोण विचारणार होतं?" गॉर्डीला त्या अनोळखी पोस्टमनांचं कौतुक आवरत नव्हतं. "सहीसुद्धा केलीय बघ, सहीसुद्धा."

"पण दरवेळी परत येतंय तरी इसा का पाठवत होता?"

"ते मी कसं सांगू? मी टपाल वाटलं, लिहिलं नाही."

"वेळ घालवायला नाही पाठवलं," नॉरीन म्हणाली. "एवढं मला ठाऊक आहे."

ते गेल्यावर इम्बी पत्रांपाशी बसली. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. पहिली नऊ पत्रं शाईच्या पेनाने लिहिलेली होती. त्या शाईचा निळा ढग झाला होता. ढगात कुठे एखादी उभी रेघ, कुठे एखाद्या अक्षराचं शेपूट. १९६६ सालचं पत्र त्यातच होतं. ते साल तिच्या जन्माचं. दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. त्या वर्षी तो आईला काय सांगत होता, हे तिने खिडकीशी धरून पाहिलं, तिरपं धरून पाहिलं, भिंगातून पाहिलं. निळं होतं, एवढंच कळलं.

१९६९ पासून त्याने बॉलपेन घेतलेलं दिसत होतं. तिथून पुढे अक्षर टिकलं होतं. ती शनिवारच्या शाळेत शिकलेल्या एस्टोनियनच्या जोरावर सावकाश वाचू लागली. तिला वाटलं होतं काहीतरी सापडेल. त्यात बटाटे होते. यंदा बटाटे चांगले आले. कारखान्यात संप झाला. छतावर नवा पत्रा घातला. इथला रायचा पाव गोड असतो, त्यात ते काकवी घालतात. इम्बीला गोवर आला, गेला. एकाही पत्रात 'तू कुठे आहेस' असं विचारलेलं नव्हतं. उत्तर का नाही, असंही नव्हतं. रोज संध्याकाळी भेटणाऱ्या माणसाशी बोलावं तसं सगळं.

शेवटचं पत्र १९८० सालचं. एकच पान.

'आई, इम्बी आता चौदाची आहे. शाळेत देशोदेशीचा दिवस होता. मुलांनी आपापल्या घराण्याच्या देशाची तिकिटं न्यायची होती. तिने माझ्या अल्बममधून स्वीडनची सहा नेली आणि आम्ही स्वीडनचे असं सांगितलं. मला तिच्या बाईंकडून कळलं. त्या मला स्वीडिश गाणी येतात का विचारत होत्या. मी एक म्हणून दाखवलं, तिथल्या निर्वासितांच्या छावणीत शिकलेलं. तिकिटं तिने चांगली निवडली, सहाही तिकिटांच्या कडांचे दाते शाबूत. मी तिला काही बोललो नाही. तिला नकाशावर बोट ठेवायला जागा हवी असेल. पाण्याचं काम हल्ली मीच करतो. सफरचंदं उशिरा आली.'

इम्बीने पत्र खाली ठेवलं. पुन्हा उचललं. वाचलेलं बरोबर वाचलं ना, असं वाटून शब्दकोश काढला आणि येत असलेले शब्दही पाहिले. ती सहा तिकिटं तिने दप्तराच्या चोरकप्प्यात नेली होती, तशीच परत आणून जागेवर लावली होती, आणि जगात कुणाला कळलं नाही अशी तिची खात्री होती. आपण पातेल्याशी बसायचं का सोडलं, हे तिने स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. त्याच्यासमोर तिकिटांना हात लावायचीच तिला भीती वाटू लागली होती.

आणि यानंतर पत्र नाही. पुढची पत्रं त्याने लिहिलीच नाहीत, की लिहिली आणि परत आली नाहीत? की तिच्यामुळे? की टपालखर्च वाढला म्हणून? तिने दुसऱ्या दिवशी गॉर्डीला फोन करून विचारलं.

"कदाचित पेन संपलं असेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "विनोद केला. वाईट होता. मला माहीत नाही, पोरी."

चौकट रिकामी सोडावी, असं तिच्या मनात सतरा वेळा येऊन गेलं. नॉरीनने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेल्जियमवाल्याला सांगू?" इम्बी नाही म्हणाली. मग दोघींनी पानं लावली. सुकून चुरमुरलेलं पाकीट चौकोनात, तिकीट त्याच्या शेजारी सुटं. खाली गॉर्डीने सांगितलेला रस्ता, गावं आणि तारखा. पत्रं आतच ठेवली, ज्याचं त्याच्या पाकिटात. नॉरीनने एक नियम सांगितला. मांडलेल्या वस्तूची मोडतोड झालेली असेल तर ती लिहावीच लागते, लपवणं म्हणजे खोटं बोलणं. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी इम्बीने लिहिलं, 'तिकीट नंतर पाण्यात सोडवलेलं.' कुणी सोडवलं ते लिहिलं नाही. त्याचा नियम नव्हता.

सव्वीस एप्रिलला चर्चच्या सभागृहात चोवीस चौकटी उभ्या राहिल्या. परीक्षक ओटावाहून आले होते. उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. मांडणाऱ्याने आपल्या चौकटीपाशी उभं राहायचं आणि परीक्षक विचारतील त्याला उत्तर द्यायचं, अशी रीत होती. सहाव्या चौकटीत बेल्जियमच्या रेल्वेची पार्सल-तिकिटं होती आणि मालक त्यांच्याविषयी अर्धा तास बोलला.

मग परीक्षक सातव्या चौकटीसमोर आले. पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीपर्यंत गेले, पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

"मी चक्रावून गेलोय," ते म्हणाले. "सत्तावन्न वर्षं कुणीतरी ही पाकिटं जिवापाड जपली. कोपराही दुमडलेला नाही. आणि मग कुणीतरी अख्खी बुडवली. मला हे दोन्ही एकत्र समजत नाही. काय झालं?"

"घरात नळ फुटला," नॉरीन मागून ताडकन म्हणाली. "हिवाळ्यात इकडे काय, सारखे फुटतात. हो ना, गॉर्डी?"

"फुटतात," गॉर्डी म्हणाला.

"नळ फुटला नाही," इम्बी म्हणाली. "मी बुडवली. तिकिटं सोडवायला. मला दुसरं काही माहीत नव्हतं."

परीक्षकांनी वहीतून मान वर केली. नॉरीनने डोळे मिटून घेतले. इम्बीला वाटलं, आता ते रागावतील किंवा समजूत काढतील. या दोन्हींपैकी काय सोपं जाईल, ते तिला ठरवता येईना. पण त्यांनी तसलं काही केलं नाही. ते पुन्हा काचेजवळ वाकले आणि सगळ्यांना विचारतात तसं सहज विचारलं, "तुमचे वडील मूळचे कुठले?"

प्रश्न साधा होता. सभागृहात कॉफीचा वास होता, कुणीतरी हसत होतं, समोर शेवटच्या पानावर १९८० सालचं पाकीट होतं. इम्बीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काही क्षण तिला कळेना की विचारणारा कोण आहे, हे गृहस्थ की शाळेतल्या बाई, आणि उत्तर नक्की कुणाला द्यायचं आहे.

"हाप्सालूचे," ती म्हणाली. "एस्टोनियातले. मला शाळेत हेच विचारलं होतं, तेव्हा मी स्वीडन सांगितलं."

"का बरं?"

ती परीक्षकांकडे पाहत नव्हती. हात पाठीमागे घट्ट धरून ती काचेकडे वळली आणि त्यांना न कळणाऱ्या, घरातल्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मला तुझी लाज वाटली होती, इसा. ती सहा तिकिटं मीच नेली होती."